चुना लावा, सिमेंट नको!

'चुना लावणे' हा वाक्प्रचार ज्याने कुणी रूढ केला त्याने चुन्याचं फार नुकसान केलंय. आपल्याकडे चुना लावणारा म्हणजे ठक, भामटा, दुसऱ्याच्या पैशावर चहा पिणारा. आज मी अख्खा लेख चुन्याची बाजू घेऊन लिहिणार आहे, आणि तोही ॲबर्डीनमध्ये बसून. हा माणूस शनिवारी रिकामा सापडला की काहीही लिहितो असं ज्यांचं मत आहे त्यांनी आत्ताच खिडकी बंद करावी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण लेख मोठा आहे आणि मी चिडलेलो आहे. कुणावर, ते शेवटी कळेल.

तर झालं असं. गेल्या उन्हाळ्यात (इथला उन्हाळा म्हणजे जाकीट कमरेला बांधून हिंडता येतं ते दिवस) मी आणि माझा रूममेट क्रेगीव्हार कॅसल बघायला गेलो. ॲबर्डीनपासून पश्चिमेला गाडीने तासाभराच्या आत, आल्फर्ड नावाच्या छोट्या गावाजवळ हे घर आहे. नाव कॅसल असलं तरी ते घरच. एका व्यापाऱ्याचं. विल्यम फोर्ब्स हा गृहस्थ बाल्टिक समुद्रातल्या व्यापारावर गबर झाला. लोक त्याला 'डान्झिग विली' म्हणायचे. १६१० साली त्याने दुसऱ्या कुटुंबाचं अर्धवट राहिलेलं बांधकाम विकत घेतलं आणि १६२६ मध्ये पुरं केलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चार वर्षं आधी. तेव्हापासून घराचा आकार जवळपास तसाच आहे. खाली साध्या, सपाट, उंच भिंती. वर गेलं की एकदम गडबड सुरू: भिंतीच्या बाहेर डोकावणारे गोल बुरूज, टोकदार छपरं, घुमट्या, धुराडी. खालचा भाग बांधणाऱ्याने पैसे वाचवले आणि वरच्या मजल्यांवर सगळे एकदम उडवले असं वाटतं.

आणि हे सगळं गुलाबी. फिकट, पेरूच्या आतल्या गरासारखं गुलाबी.

आमच्या रूममेटने गाडीतून उतरता उतरता निकाल दिला. "अरे हे काय? किल्ला आहे का वाढदिवसाचा केक? एवढा जुना दगड, आणि त्याच्यावर प्लास्टर फासून गुलाबी रंग! आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर आपण फेसबुकवर शिव्या घातल्या असत्या."

खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वीचा मी असतो तर हेच बोललो असतो. दगड म्हणजे खरा, वरचा लेप म्हणजे खोटा. दगड उघडा पडला की वास्तू 'ओरिजिनल' दिसते, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की त्यावर कुणी विचारही करत नाही. या लेखात मला एवढंच म्हणायचंय की हे साफ चूक आहे. जुन्या घराचा लेप हा मेकअप नव्हे, तो त्या बांधकामाचा भाग आहे. तो खरवडून काढणारा आणि त्याच्या जागी 'कायमचा' सिमेंटचा थर बसवणारा, हे दोघेही एकाच घराचे मारेकरी. एकाला देखणेपणाची हौस असते, दुसऱ्याला कटकट नको असते. परिणाम तोच.

आता भिंत कशी चालते ते बघू. (इंजिनियर आहे, क्षमा करा.)

स्कॉटलंडमधली अशी जुनी भिंत म्हणजे एकसंध दगड नसतो. आत एक आणि बाहेर एक असे ओबडधोबड दगडांचे दोन पदर, मधे दगडांच्या कपच्या आणि चुन्याचा भरणा. जाडी भरपूर. या भिंतीत असंख्य सांधे, आणि प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला आमंत्रण. इथला पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळून मोकळा होणारा नाही. तो वर्षभर, वाऱ्याबरोबर, आडवा येतो. मग या लोकांनी काय केलं? भिंतीवर चुन्याचा जाड, खरबरीत गिलावा चढवला. त्याला इथे हार्लिंग म्हणतात. चुना, वाळू आणि बारीक खडी यांचं मिश्रण थापीने भिंतीवर नुसतं लिंपायचं नाही, तर जोरात फेकून मारायचं. फेकल्यामुळे ते सांध्यात घट्ट बसतं आणि पृष्ठभाग खडबडीत राहतो. खडबडीत म्हणजे क्षेत्रफळ जास्त, आणि क्षेत्रफळ जास्त म्हणजे सुकायला जागा जास्त. त्यावर चुन्याच्या निवळीचे हात, हवा असल्यास त्यात मातीचा रंग. झालं.

हा लेप पाणी शंभर टक्के अडवत नाही. अडवायचा त्याचा हेतूच नाही! तो पाऊस थोडा पितो आणि वारा सुटला की सोडून देतो. आतून आलेली ओलही त्याच्यातूनच बाहेर जाते. शाळेच्या पुस्तकातलं आठवा: चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनकळी उरते. पाणी घातलं की ती फसफसते, विरी जाते. मग तोच चुना भिंतीवर बसून हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे घराला अक्षरशः दगडाची पातळ कातडी येते. घर जरा बसलं, हललं, केसाएवढी चीर पडली, तर पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळून त्या चिरेत जाऊन बसतो आणि ती बुजते. स्वतःचे बग स्वतः फिक्स करणारं असं सॉफ्टवेअर मला आजवर लिहिता आलेलं नाही.

पण यात एक अट आहे. हा थर झिजतो. झिजण्यासाठीच तो आहे. त्याने झिजायचं आणि आतल्या दगडाला, चुन्याला, तुळयांना वाचवायचं. त्यामुळे ठरावीक वर्षांनी तो परत द्यावा लागतो. ही अट मंजूर असेल तर भिंत चारशे वर्षं टिकते. नामंजूर असेल तर काय होतं ते पुढे सांगतोच.

"हे सगळं ठीक आहे रे, पण मुळात लेप होता कशावरून? नंतर कुणीतरी फासला असेल." हा प्रश्न रूममेटने विचारला आणि तो बरोबर आहे. पुरावा खिडक्यांभोवती असतो. स्कॉटलंडमधल्या कितीतरी जुन्या घरांच्या खिडक्यांच्या कडेचे घडीव दगड भिंतीच्या पातळीपेक्षा थोडे पुढे आलेले दिसतात. उघड्या भिंतीत ते विचित्र दिसतं, चौकट बाहेर सरकल्यासारखं. कारण मधली जागा गिलाव्याच्या जाडीसाठी सोडलेली होती. गिलावा केला की दोन्ही एका पातळीत येतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने आपल्यासाठी दगडातच लिहून ठेवलंय की इथे कोट चढणार आहे. आपण तो कोट उतरवून 'वा, काय ओरिजिनल!' म्हणत फोटो काढतो. ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटला बघून 'अस्सल माणूस' म्हणण्यासारखंच आहे हे.

मग करड्या, उघड्या दगडाच्या स्कॉटलंडचं खूळ आलं कुठून? माझं मत सांगतो. एक म्हणजे पडकी घरं. छप्पर गेलेल्या घराचा गिलावा आधी गळतो, म्हणून अवशेष नेहमी उघडे दिसतात. एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक मंडळींना अवशेषांचं भारी वेड, आणि त्यांना वाटलं की जिवंत घरंही अशीच असायची. दुसरं म्हणजे चित्रं. बिलिंग्ज नावाच्या माणसाने १८४५ ते १८५२ या काळात स्कॉटलंडच्या जुन्या वास्तूंच्या कोरीव चित्रांचे चार खंड काढले. चित्रं अप्रतिम, पण काळ्या शाईतली. शाईत गुलाबी कसा दिसणार? आणि तिसरं म्हणजे बाल्मोरल. राणी व्हिक्टोरियाचा हा राजवाडा १८५६ मध्ये पुरा झाला, फिकट राखाडी ग्रॅनाइटमध्ये, आणि तेव्हापासून 'स्कॉटिश घर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो.

इथे एक मजेशीर गोष्ट सांगायलाच हवी. बाल्मोरलचा आर्किटेक्ट विल्यम स्मिथ. त्याचे वडील जॉन स्मिथ, ॲबर्डीनचे आर्किटेक्ट, यांनी १८२० च्या दशकात क्रेगीव्हारची दुरुस्ती केली होती. क्रेगीव्हारचा गुलाबी रंगही त्याच दुरुस्तीतला मानतात, त्याआधी म्हणे ते सायीच्या रंगाचं होतं. बापाने लेप दिलेलं घर सांभाळलं, मुलाने उघड्या दगडाचं घर बांधलं. आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर! कारण बाल्मोरलचा दगड घडीव आहे, नीट कापलेला, सांधे अगदी बारीक. तो उघडा राहण्यासाठीच घडवलाय. ॲबर्डीन शहरही तसंच, ग्रॅनाइट सिटी म्हणून मिरवतं ते उगाच नाही. पण क्रेगीव्हारची भिंत ओबडधोबड दगडांची. तिला कोट लागतोच. फरक जुनं आणि नवं यातला नाही, घडीव आणि ओबडधोबड यातला आहे. हा एवढा साधा फरक न कळल्यामुळे किती घरं सोलली गेली असतील याचा हिशेब करवत नाही.

आणि लोकांना तो आजही कळत नाही याचा पुरावा म्हणजे स्टर्लिंग. तिथल्या किल्ल्यातला ग्रेट हॉल चौथ्या जेम्स राजाच्या काळातला, म्हणजे १५०० च्या आसपासचा. पुढे लष्कराने त्याच्या बराकी केल्या. लष्कर १९६४ मध्ये गेलं, मग अनेक वर्षं दुरुस्ती चालली आणि १९९९ मध्ये तो परत उघडला, तेव्हा भिंती फिकट सोनेरी पिवळ्या! जुन्या लेपाचे अवशेष सापडले होते, त्यावरून रंग ठरवला होता. पण लोक खवळले. टेकडीवरच्या करड्या किल्ल्यात हा पिवळा दात कुठून आला, असा सूर. म्हणजे पुरावा समोर ठेवला तरी लोकांना स्वतःच्या डोक्यातलाच स्कॉटलंड हवा होता. क्लायंटला त्याचीच जुनी रिक्वायरमेंट दाखवली तरी तो म्हणतो "आम्ही असं कधी सांगितलंच नव्हतं", त्यातलाच प्रकार.

हा झाला पहिला गट, सोलणाऱ्यांचा. पण माझा खरा राग दुसऱ्या गटावर आहे. 'एकदाच करू, पण कायमचं करू' वाल्यांवर.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्याने १८२४ मध्ये घेतलं. पुढे ते सुधारत गेलं, स्वस्त झालं, आणि विसाव्या शतकात सगळीकडे पोचलं. कडक, झटपट बसणारं, दिसायला चकचकीत. मग जुन्या भिंतींवर चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा सुरू झाला. क्रेगीव्हारही सुटलं नाही. त्याच्या अंगावरही सिमेंटचा थर बसला.

सिमेंट वाईट नाही हे आधीच सांगतो, नाहीतर सिव्हिलवाले मित्र मला फाडून खातील. माझं ऑफिस, माझा पुण्याचा फ्लॅट, रोज ओलांडतो तो पूल, सगळं त्याच्यावर उभं आहे. प्रश्न जोडीचा आहे. जुनी भिंत मऊ आणि हलणारी, सिमेंट कडक आणि न वाकणारं. भिंत जरा हलली की सिमेंटला बारीक तडे जातात, आणि ते चुन्यासारखे आपोआप बुजत नाहीत. तड्यातून पाणी शोषलं जातं. आत गेलेलं पाणी बाहेर यायला बघतं तर वर सिमेंटचं झाकण. मग ते आतच राहतं. हिवाळ्यात गोठतं, फुगतं, दगडाच्या कपच्या काढतं. क्षार आतल्या बाजूला ढकलतं. भिंतीत घुसलेल्या लाकडी तुळयांची टोकं कुजवतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र भिंत ठणठणीत. हेच सगळ्यात वाईट. चुना बिघडला की सगळ्यांदेखत बिघडतो, सिमेंट आतल्या आत घर खातं आणि बाहेर हसतमुख राहतं.

यातली सगळ्यात महागडी शिकवणी ग्लासगोजवळ हेलेन्सबरा गावात बघायला मिळते. हिल हाऊस. चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश या थोर आर्किटेक्टने १९०२ ते १९०४ मध्ये ब्लॅकी नावाच्या प्रकाशकासाठी बांधलेलं. (ब्लॅकी अँड सनची मुंबईतही कचेरी होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या कपाटात त्यांची इंग्रजी पुस्तकं असायची. घराचे पैसे कदाचित थोडे आपणही भरलेत!) मॅकिन्टॉशला जुन्या स्कॉटिश घरांचं प्रेम होतं. क्रेगीव्हारसारख्या घरांचे उंच सपाट पांढुरके पृष्ठभाग त्याला हवे होते. पण ते त्याने त्या काळच्या आधुनिक मटेरियलमध्ये, पोर्टलंड सिमेंटमध्ये केले. शिवाय रेषा स्वच्छ दिसाव्यात म्हणून भिंतींच्या माथ्यावर पाणी बाहेर फेकणारी दगडी कड ठेवली नाही. पागोळी जिथे पडायची ती जागाच गायब. घर दिसायला अप्रतिम. आणि शंभर वर्षांहून जास्त काळ ते पाणी पितंय.

शेवटी २०१९ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने काय केलं? अख्ख्या घरावर एक प्रचंड पेटी उभी केली. पोलादी सांगाडा, वर छप्पर, आणि चारी बाजूंना लोखंडी कड्यांची जाळी, चिलखतासारखी. वारा आत जातो, पाऊस बराचसा बाहेर राहतो, आणि आत घर हळूहळू वाळत बसतं. भिंती वर्षानुवर्षं वाळत घालायच्या, मग दुरुस्ती! एका घराला छत्री धरण्यासाठी दुसरी इमारत बांधावी लागली. काही लोक पेटीलाच नावं ठेवतात, विद्रूप म्हणतात. मी म्हणतो ठेवा ती अशीच. प्रत्येक इंजिनियरिंग कॉलेजची सहल तिथे न्या आणि सांगा: जुन्याचा फक्त आकार उचलला आणि त्यामागचं कारण नाही उचललं की हे होतं. आपल्या धंद्यातही दुसऱ्याचा कोड कॉपी-पेस्ट करणारे काही कमी नाहीत.

क्रेगीव्हारचं मात्र बरं झालं. २००७ च्या सुमारास ते बंद ठेवून अंगावरचं सिमेंट काढलं, चुन्याचं हार्लिंग परत केलं, चुन्याचा गुलाबी रंग दिला आणि २०१० मध्ये घर परत उघडलं. पुढे पावसाने रंग उडाला, डाग पडले, तर पुन्हा परांची बांधून २०२४ पर्यंत चुन्याचे नवे हात दिले. मोहिमेचं नावच 'पिंक अगेन'. हे ऐकून रूममेट म्हणाला, "म्हणजे चौदा वर्षांत फेल गेलं की रे तुझं चुन्याचं कौतुक!"

इथे मी चिडलो. फेल? गाडीचं ऑइल बदलावं लागतं म्हणून इंजिन फेल गेलं म्हणतोस का? दाढी परत वाढली म्हणून न्हाव्याकडे पैसे परत मागतोस का? झिजलेला चुना म्हणजे चुन्याने आपलं काम केलं. जो पाऊस घराला लागायचा तो त्याने अंगावर घेतला. मेंटेनन्स लागतो म्हणजे डिझाइन वाईट, ही समजूत आपल्या पिढीच्या डोक्यात कुणी भरली कुणास ठाऊक. 'झीरो मेंटेनन्स' हा शब्द मला आता शिवीसारखा वाटतो. झीरो मेंटेनन्स म्हणजे बिल नंतर येणार, एकरकमी, आणि भरणारा दुसराच कुणीतरी.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, स्कॉटलंडमधल्या एका व्यापाऱ्याच्या घरावरून एवढा घसा का फोडतोयस? तर सांगतो. मी चिडलोय तो स्वतःवर.

माझं आजोळ साताऱ्याकडचं. जुनं घर. काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, आत लाकडी खण. लहानपणी दिवाळीच्या आधी आजोबा स्वतः उभे राहून घराला चुना देऊन घ्यायचे. दरवर्षी. आम्ही पोरं चुन्याचे हात एकमेकांच्या पाठीवर मारायचो. चार वर्षांपूर्वी मला नोकरीतला पहिला बोनस मिळाला. मामा म्हणाला, दरवर्षीची कटकट आहे, माणसं मिळत नाहीत, पोपडे पडतात. मी म्हटलं, मामा, पैसे मी देतो, एकदाच काय ते कायमचं करून टाका. बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर प्लास्टिकसारखा तो वॉटरप्रूफ रंग. मोबाइलवर फोटो आले तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना दाखवले होते.

आजोबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "भिंत पावसाळ्यात पिते आणि उन्हाळ्यात ओकते. तिचं तोंड बांधू नका." आम्ही हसलो. मी इंजिनियर होतो ना! मी त्यांना वॉटरप्रूफिंग समजावून सांगितलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूने ओल आली. मग लोणा. मग आतले पोपडे, हातभर उंचीपर्यंत. गेल्या वर्षी माजघरातल्या एका तुळईचं भिंतीतलं टोक मऊ लागलं, मामाने टेकू लावला. आजोबा साठ वर्षं ज्या खोलीत झोपले तिथे आता ओलीमुळे झोपता येत नाही. त्यांचं अंथरूण ओसरीवर आलंय. मला ते एकदाही "बघ, सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

क्रेगीव्हारच्या वयस्कर गाईडबाईंनी सिमेंट का काढावं लागलं हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांच्याआधी पुढची वाक्यं मनात म्हणत होतो. पिते. ओकते. तोंड बांधू नका. हजारो मैल लांब, गुलाबी भिंतीसमोर उभं राहून मला माझ्या आजोबांचं वाक्य कळलं. आणि त्याची लाज वाटली. कारण तेच वाक्य मराठीत, फुकट, घरातल्या माणसाने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. तिकीट काढून इंग्रजीत ऐकलं तेव्हा पटलं.

आता थोडं दुसऱ्या बाजूने. चुना सोपा आहे असं मी म्हणत नाही. तो हळू बसतो, एकावर एक हात द्यायला मधे दिवस जाऊ द्यावे लागतात. इथे थंडीत काम बंद, कारण ओला चुना गोठला तर सगळं फुकट. आपल्याकडे कडक उन्हात तो फार लवकर वाळून भुकटी होतो, ओली गोणपाटं बांधावी लागतात. काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, इथेही आणि तिथेही. चुन्याचा घाणा बऱ्याच जणांनी गडावर पडलेला दगडच पाहिलाय, चालताना नाही. आणि बसलेलं सिमेंट ओरबाडून काढायला गेलं तर विटांची तोंडंही त्याच्याबरोबर निघू शकतात. म्हणून आधी एखाद्या कोपऱ्यात हातभर जागा काढून बघायची, मग पुढचं. खर्चही होतो. सगळं मान्य.

पण खर्चाचा हिशेब मांडताना हिल हाऊसची पेटीही त्यात धरा. आजोबांची खोलीही धरा.

तेव्हा मंडळी, कळकळीची विनंती. जुनं घर, वाडा, देऊळ तुमच्या ताब्यात असेल तर दोन माणसांना दारात उभं करू नका. एक, जो म्हणतो गिलावा काढून दगड-विटा मोकळ्या करू, 'हेरिटेज लुक' येईल. आणि दुसरा, जो म्हणतो सिमेंट मारू, पन्नास वर्षं बघायला नको. दर काही वर्षांनी बघावं लागणं ही त्या घराची खोड नाही, ती त्याच्याशी असलेली बोली आहे. डान्झिग विलीच्या घराने ती चारशे वर्षं पाळली, मधे कुणीतरी मोडली, परत जुळवली. आजोबांनी साठ वर्षं पाळली. मी एका बोनसमध्ये मोडली.

परवा रविवारी मामाला फोन केला. म्हटलं, दिवाळीच्या आधी सुट्टी काढून येतोय. मागच्या भिंतीचा एक कोपरा फोडून बघू, विटा धड निघाल्या तर सगळं सिमेंट काढू आणि चुना देऊ. पैसे मी देतो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाला, "म्हणजे आता तू आम्हाला चुना लावणार?"

म्हटलं, "हो मामा. दरवर्षी."